हिशेबाची वही कोणाच्या हातात?

(जयसिंगपूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावा, ही विनंती.)



तुमच्यापैकी बहुतेकजण कापूस-ज्वारीच्या मुलखातून आला आहात. परभणी, नांदेड, जालना, बुलढाणा, यवतमाळ, थोडे जत-आटपाडीकडचे. मिरज सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस पाहून काहीजण गमतीने म्हणाले, कोरडवाहूंचे शिबिर ओल्या रानात कशाला भरवले? त्याला कारण आहे. हंगामात या उसात कोयता चालवणारा माणूस बहुधा इथला नसतो. तो बीडचा असतो, जतचा असतो, तुमच्या-आमच्या शेजारच्या वस्तीतला असतो. त्याच्या दोन एकरांत ज्वारी हाती लागली नाही, म्हणून मुकादमाची उचल घेऊन तो इथे येतो.

दुसरे कारण या गावाचे नाव. जयसिंगपूर शाहू महाराजांनी १९१७ साली वसवले आणि त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचे, जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. शेतमालाला पेठ मिळावी म्हणून रेल्वेच्या कडेला आखीव रस्त्यांचे गाव उभे केले. याच राजाने पुढच्याच वर्षी एक काम केले, त्याचा संबंध आजच्या विषयाशी आहे. तिथे आपण येऊच.

विषय गुलामगिरीचा आहे. आपण प्रत्येक सभेत म्हणतो, शेतकरी गुलाम आहे. टाळ्या पडतात. आम्हीही हे वाक्य शेकडो वेळा म्हटले आहे. आज तो शब्द जरा हातात घेऊन नीट पाहू. गुलाम म्हणजे काय, गुलाम सुटतो कसा, आणि सुटलेला गुलाम पुन्हा कसा अडकतो?

पुस्तकात नसलेला धडा

कृषी पदवीला असताना आम्हाला कापसावर एक जाडजूड प्रकरण होते. देशी कापूस, अमेरिकन कापूस, धाग्याची लांबी, रुईचा उतारा. आज तुमच्या रानात उभा असलेला संकरित कापूस, २००२ नंतर आलेला बीटी कापूस, जवळपास सगळा अमेरिकन कुळातला आहे. या कुळाचे फायदे आम्ही घोकून पाठ केले. तो कापूस त्याच्या मायदेशी कोणी पेरला, कोणी निंदला, कोणी वेचला, हे मात्र पुस्तकात नव्हते.

१७९३ साली अमेरिकेत सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले. यंत्र आले की माणसाचे कष्ट कमी होतात, असे आपण समजतो. तिथे उलटे झाले. सरकी झटपट निघू लागली, म्हणून कापूस जास्त लावला. जास्त लावला, म्हणून वेचणीला जास्त गुलाम लागले. १७९० साली त्या देशात सात लाखांच्या आसपास गुलाम होते. १८६० साली ते चाळीस लाखांच्या आसपास गेले. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची ही लेकरे-नातवंडे. बाजारात बैल विकावा तशी ती विकली जात. आई एका मळ्यात, लेकरू दुसऱ्या. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस या मळ्यांतून जाई.

आपल्याकडे गुलाम नव्हतेच, असे समजू नका. मलिक अंबर हा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत मिळत. १८४३ च्या कायद्याने इंग्रजी मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला. पण आपल्याकडची मोठी गुलामी बाजारातली नव्हती, जन्मातली होती. तिला वेठ म्हणत, वतन म्हणत. तिथे माणूस कातडीच्या रंगावरून ओळखला जाई, इथे गावकुसावरून. काळा-गोरा भेद आणि जातिभेद एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. कष्ट एकाने करायचे आणि हिशेब दुसऱ्याने लिहायचा.

तिकडे लढाई, इकडे तेजी

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी लढाई जुंपली. दक्षिणेची बंदरे उत्तरेने अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर आपल्याकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाड, जिथे जिथे काळी जमीन होती तिथला कापूस सोन्याच्या मोलाने मुंबईला जाऊ लागला. मुंबईत रोज नव्या कंपन्या निघाल्या, शेअर घ्यायला रांगा लागल्या. बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवल्याच्या गोष्टी त्या काळातल्याच.

१८६५ च्या एप्रिलमध्ये लढाई संपली. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार म्हटल्यावर भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या पदरी राहिले ते तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज, आणि तेजीचे दिवस पाहून सरकारने पुढे वाढवलेला सारा. मग काय झाले, ते तुम्ही ऐकले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि ते लोण पुणे-नगरच्या गावोगाव गेले. या बंडातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर कमी आणि त्याच्या कागदावर जास्त होता. रोखे बाहेर काढले आणि जाळले. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला नेमके कळले होते की आपली मान कुठे अडकली आहे. ती वहीत अडकली होती.

सुटका झाली, पुढे काय?

आता त्याच वर्षांत अमेरिकेत काय चालले होते ते पाहू. १८६५ च्या डिसेंबरात घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची बंद झाली. चाळीस लाख माणसे मोकळी झाली. ती सगळी शेती जाणणारी माणसे. त्यांनी पहिली मागणी काय केली असेल? जमीन.

आणि जमीन थोडी मिळालीही. १८६५ च्या जानेवारीत शर्मन नावाच्या सेनापतीने हुकूम काढला की दक्षिणेच्या समुद्रकाठची पळपुट्या मळेवाल्यांची जमीन या मोकळ्या झालेल्या कुटुंबांना वाटावी, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. चाळीस हजारांच्या आसपास माणसे तिथे बसली. नांगर धरले, पेरण्या केल्या. एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्ष संपायच्या आत ती जमीन जुन्या मालकांना परत देण्याचा हुकूम काढला. पेरलेल्या रानातून माणसे उठवली गेली.

मग त्यांनी जगायचे कसे? जुन्याच मालकाच्या रानात, अर्धेलीने. जमीन मालकाची, कष्ट वाटेकऱ्याचे, पीक निम्मे-निम्मे. ऐकायला बरे वाटते. पण बियाणे, पीठ, मीठ, कापड, खेचराचा चारा, सगळे वर्षभर उधार. उधारी देणारा दुकानदार. तारण काय? अजून न उगवलेला कापूस. दुकानदार सांगे, मका लावू नको, कापूसच लाव, त्याशिवाय उधारी नाही. म्हणजे खायचे धान्यही पुन्हा त्याच्याच दुकानातून घ्यायचे. डिसेंबरात हिशेब व्हायचा. वही मालकाची, तराजू मालकाचा. वर्षभर राबून वाटेकरी तिथे जाई आणि ऐकून येई, "यंदाही तुझ्याकडेच थोडे निघतात, पुढच्या सालात बघू."

तुमच्यापैकी कित्येकांना हे सांगावे लागत नाही. ज्वारी मोडून सगळ्या रानात कापूस केला आणि घरात ना दाणा, ना दावणीला कडबा, अशी साले आपण काढली आहेत. कृषी केंद्राची उधारी, व्याजासकट, पहिल्या वेचणीच्या बोलीवर. माल, काटा आणि कागद यांपैकी आपल्या हातात फक्त माल असतो.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या बारा वर्षांत, १८६५ ते १८७७, या माणसांनी केले ते थोडे नव्हते. शाळा काढल्या. मत मिळाले तेव्हा मत दिले. काल ज्याची बोली लागत होती तो आज विधिमंडळात बसला. १८७० साली हायरम रेव्हेल्स हा काळा माणूस मिसिसिपीतून देशाच्या वरिष्ठ सभागृहात गेला. मिसिसिपी म्हणजे कापसाचा गाभा. त्या काळाला तिकडे पुनर्रचनेचा काळ म्हणतात.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१८७३ सालच्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाच्या गावी निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटला. काळे नागरिक कचेरी राखायला बसले होते. गोऱ्यांच्या हत्यारबंद टोळीने कचेरी पेटवली. शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, तेही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. १८७७ मध्ये सरकारने उरलेले सैन्य मागे घेतले. पुनर्रचना संपली.

त्याच १८७३ च्या जून महिन्यात पुण्याला जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक निघाले. त्याची अर्पणपत्रिका कोणाला आहे? काळ्या माणसांच्या गुलामीतून सुटकेसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता घ्यावा, अशी इच्छा जोतीरावांनी तिथे व्यक्त केली. सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला.

विचार करा. पुण्यात बसलेला एक माळी शेतकरी सात समुद्रांपलीकडच्या कापूस वेचणाऱ्याला आपला माणूस मानतो. ना रंग एक, ना भाषा, ना देव. रेडिओ नाही, टीव्ही नाही. आणि आपण? शेजारच्या वस्तीतल्या कापूस वेचणारणीला आपली मानायला आपल्याला जड जाते.

जोतीरावांनी मान दिला तो सुटकेला. ती सुटका त्याच वर्षी रक्तात बुडत होती. पण केवळ कागदावर सुटका होऊन भागत नाही, हे त्यांना पक्के कळले होते. म्हणून १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले की रयतेच्या घामाचा सारा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, आधी खालच्यांच्या प्राथमिक शिक्षणाचे बघा. आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहून दाखवले की सारा, कर्ज, कज्जे आणि कर्मकांड शेतकऱ्याला कसे नागवतात. आपली चळवळ 'असूड' डोक्यावर घेते. 'गुलामगिरी' मात्र फळीवर ठेवून देते. ती दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत.

कोल्हापुरातले १९१८ साल

आता या मातीत येऊ. महार वतन म्हणजे काय होते? गावाची आणि सरकारची कामे करायची. सांगावा न्यायचा, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे. त्याबदली जमिनीचा एक तुकडा आणि सुगीत बलुते. ते काम एका माणसावर नव्हते. सगळी भावकी बांधलेली. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू. जमीन दिसायला त्यांची, पण ती जमीनच बेडी. गाव सोडून चार पैसे कमवायला जायचे तरी वतन आडवे येई.

१९१८ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन बंद केले. जमिनी रयतावा करून दिल्या. म्हणजे इतर रयतेसारखा सारा भरा आणि मोकळे व्हा. त्याच सुमारास महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागची रोजची हजेरी काढली. वेठीला बंदी घातली. १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होतेच. गंगाराम कांबळे या माणसाने कोल्हापुरात चहाचे हॉटेल घातले, तेव्हा राजा स्वतः तिथे चहा प्यायला. १९२० च्या मार्चमध्ये इथून जवळच, हातकणंगले तालुक्यात माणगावला परिषद झाली. तिथे महाराजांनी तरुण आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले.

अमेरिकेत सुटका दिली आणि जमीन काढून घेतली. इथे जमीन ठेवली आणि जमिनीला बांधलेली वेठ तोडली. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा फरक फार मोठा आहे. सुटलेल्या माणसाच्या पायाखाली चार गुंठे का होईना, माती राहिली.

हे सगळे फार सोपे होते असे मानू नका. तुकडे लहान होते, भावकीत वाटून आणखी लहान झाले. आणि हे फक्त एका संस्थानात झाले. मुंबई इलाख्यात हाच प्रश्न सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणले, ते तडीस गेले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा आला १९५८ साली. कोल्हापूरनंतर चाळीस वर्षांनी. त्यानंतरही भूमिहीनांना जमिनीसाठी तुरुंगात जावे लागले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह झाले. गायरानावर कसणाऱ्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तुमच्या गावात त्याचे काय झाले, ते घरी जाऊन विचारा.

दगड काय सांगतो?

कोलफॅक्सची गोष्ट अजून संपलेली नाही. ज्या जागी ती माणसे मारली, तिथे १९५० साली सरकारी पाटी लागली. पाटीवर काय लिहिले? इथे 'दंगा' झाला आणि त्यामुळे दक्षिणेतला गैरकारभार संपला. म्हणजे कत्तलीला सुधारणा ठरवले. ती पाटी सत्तर वर्षे तिथे होती. मारल्या गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे तिच्यापुढून येत-जात होती. २०२१ मध्ये ती काढली. २०२३ मध्ये, दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मेलेल्यांच्या नावांचा दगड तिथे उभा राहिला.

ही पाटी एकट्या गावाचे अज्ञान नव्हते. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, तिथेच डनिंग नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी पुस्तकांतून मांडत होते की पुनर्रचना ही मोठी चूक होती, काळ्यांना राज्य चालवता येत नव्हते. शाळांमधून तेच शिकवले गेले. १९३५ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विद्वानाने भला मोठा ग्रंथ लिहून दुसरी बाजू मांडली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिले. तुमच्या लोकांचे गाऱ्हाणे तुम्ही संयुक्त राष्ट्रांपुढे नेत आहात, त्याची प्रत मला हवी, आमचेही तसेच चालले आहे, असा त्याचा आशय. बघा, हिशेबाच्या वहीसारखीच इतिहासाची वही. ज्याच्या हातात ती, त्याच्या नावे जमा.

आता आपली वही उघडू. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. कोणाची घरे होती ती? तुमच्या-आमच्या शेतात राबणाऱ्यांची. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले. नाव दिले गेले १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी. इथे बसलेल्यांपैकी साठी ओलांडलेल्या काहींनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या गावांतल्या आपल्या बैठकांत आम्ही वर्षानुवर्षे जातो. कापसाच्या भावावर बोलतो, विजेवर बोलतो, कर्जावर बोलतो. त्या दिवसांवर आम्ही एकदाही बोललो नाही. चळवळीत फूट पडेल, असे आम्हीच एकमेकांना सांगत आलो.

फूट कशाने पडते?

या फुटीचाही एक जुना दाखला आहे. १८८० नंतर अमेरिकेतल्या कापूस शेतकऱ्यांनी मोठी संघटना बांधली. भाव, व्याज, रेल्वेचे दर, सगळे आपलेच प्रश्न. पण गोऱ्यांची संघटना वेगळी आणि १८८६ मध्ये टेक्सासात सुरू झालेली काळ्या शेतकऱ्यांची वेगळी. १८९१ च्या सप्टेंबरात काळ्या संघटनेने वेचणीच्या मजुरीसाठी संप पुकारला. शंभर पौंड कापसाला एक डॉलर, एवढीच मागणी. गोऱ्या संघटनेचे पुढारी संपाच्या विरोधात गेले. कारण त्यांचे सभासद जमीनमालक होते, त्यांनाच मजुरी द्यायची होती. संप चिरडला गेला, माणसे मारली गेली.

पुढे काय झाले? १८९० पासून दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानावर कर आणि वाचनपरीक्षा लावून काळ्यांचे मत काढून घेतले. त्या कराने गरीब गोऱ्या शेतकऱ्याचेही मत गेले. शेतकरी चळवळ मोडली. काळ्या शेतकऱ्यांची जमीन तर पुढेही जात राहिली. १९२० साली तिथे सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. शतक संपताना वीस हजारही उरले नव्हते. सरकारी कर्जात आपल्याला डावलले म्हणून त्यांनी तिथल्या कृषी खात्यावर दावा लावला, त्यात १९९९ मध्ये तडजोड झाली. तोवर बहुतेकांची रानेच गेली होती.

फूट बोलल्याने पडत नाही. आधीच पडलेली असते. आपण तिच्यावर सतरंजी टाकून सभा भरवतो.

आमचीच एक गोष्ट सांगतो, कोणाचे नाव न घेता. गाव कापसाचे. सभा संपल्यावर एक म्हातारा सालगडी जवळ आला. खिशातून घडी पडलेली वही काढली. मालकाने दिलेली. म्हणाला, "साहेब, एवढं वाचून दाखवा, माझ्याकडं किती निघतंय." आम्ही वाचले. गुढीपाडव्याची उचल, आजारपणाला घेतलेले, मुलीच्या लग्नाला घेतलेले, खाडे. मजुरीची रक्कम एका ओळीत, खाड्यांच्या ओळी दोन पाने. शेवटी काही हजार त्याच्याच नावावर. मालक कोण? ज्याच्या अंगणात आमची सभा झाली तो. आमचा कार्यकर्ता. आंदोलनात लाठ्या खाल्लेला, वाईट माणूस नव्हे. आम्ही आकडा वाचून दाखवला. खाडे कसे मांडले, हे विचारले नाही. वही मिटून परत दिली आणि त्याच अंगणात जेवलो. सभेत आम्ही बोललो होतो, व्यापाऱ्याचा काटा तपासा.

कोणी म्हणेल, आम्हालाच भाव मिळत नाही, तर सालगड्याला कुठून देणार? हे खरे आहे, आणि ही लढाई आपण सोडणार नाही. दोन एकर कोरडवाहूवाला मळेवाला नव्हे, हेही आम्हाला कळते. १९७२ च्या दुष्काळात जमीनवाला आणि भूमिहीन एकाच रांगेत खडी फोडायला बसले होते. पण भाव न मिळणे हा आपल्यावरचा अन्याय आहे. वही दुसऱ्याला न दाखवणे हा आपण केलेला अन्याय आहे. पहिल्याचे कारण सांगून दुसरा माफ होत नाही.

काय करायचे?

अमेरिकेत आता एक काम चालू आहे. जिथे जिथे काळ्या माणसांना जमावाने मारले, त्या जागची माती लोक स्वतः जाऊन बरणीत भरतात, वर नाव आणि तारीख लिहितात. माँटगोमेरी शहरात अशा शेकडो बरण्या मांडल्या आहेत. कोणती काळी, कोणती तांबडी, कोणती चिकणमाती. आम्ही माती परीक्षणात आयुष्य घालवले. खोऱ्याने व्ही आकाराचा खड्डा घ्या, चार कोपऱ्यांची माती मिसळा, पिशवीवर गट नंबर लिहा, हे हजारदा सांगितले. या मातीत नत्र किती, स्फुरद किती, ते आम्ही सांगू शकतो. तिच्यावर कोण राबले, कोणाकडून ती गेली, हे परीक्षणात येत नाही. ते विचारावे लागते.

म्हणून जिल्हा बैठकांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. चर्चा करा, ठराव करा, पटले नाही तर तसे सांगा.

१. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरी सालगडी, वाटेकरी किंवा उचल घेतलेला मजूर असेल, तर हिशेबाच्या दोन वह्या असाव्यात, एक त्याच्याकडे. पाडव्याला नवी बोली होण्याआधी जुना हिशेब त्याच्या विश्वासातल्या, वाचता येणाऱ्या माणसासमोर वाचावा. माणसाला कर्जापोटी बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायद्याच्या भीतीने नव्हे, आपल्या तोंडच्या शब्दासाठी हे करायचे.

२. गायरान आणि वतनाच्या जमिनीचे प्रलंबित प्रश्न आपल्या मागणीपत्रात यावेत. कर्जमुक्तीच्या खाली, शेवटच्या ओळीत नव्हे.

३. गावाची एक आठवणवही करावी. म्हाताऱ्या माणसांकडे, दोन्ही वस्त्यांत, जाऊन लिहावे. वेठ कोण करी, वतनाची जमीन कोणती, ती आज कोणाच्या सातबाऱ्यावर, बाहत्तरच्या दुष्काळात काय झाले, अठ्ठ्याहत्तरमध्ये काय झाले. आपल्याला लाज वाटेल असे असेल तेही लिहावे. ही वही चावडीवर वाचता यावी.

४. पुढच्या बैठकीत वेचणीला जाणाऱ्या बाया आणि सालगडी श्रोते म्हणून नव्हे, बोलायला यावेत. वेचणीच्या दरावर त्यांच्याशी समोरासमोर बोलू. भांडण झाले तर होऊ द्या.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या. त्यांचा राग खरा होता, पण वही जळाली तरी सावकार दुसरी शिवतो. आपल्याला वही जाळायची नाही. ती दोघांनी मिळून लिहायची आहे.

तो म्हातारा सालगडी आता हयात नाही. त्याचा मुलगा ऊसतोडीला जातो, कदाचित याच तालुक्यात. यंदा त्या गावात बैठक घेणार आहोत, आणि जुनी वही अजून असेल तर ती मागवून सगळ्यांसमोर वाचणार आहोत, खाड्यांच्या दोन पानांसकट. कार्यकर्त्याला तसे कळवले आहे. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, या.

जय किसान.